उजवी बाही

"हाताने विणलेला स्वेटर म्हणजे माणसाने माणसावर प्रेमाच्या नावाखाली केलेला सर्वांत जुना, सर्वांत लांबलचक आणि सर्वांत टोचणारा अत्याचार आहे!" अशी घोषणा प्रतापराव इंगळे यांनी डिसेंबरातल्या एका सकाळी, राजेंद्र नगरातल्या आपल्या घराच्या गच्चीवरून केली.

घोषणा करताना त्यांचे दोन्ही हात बाजूंना ताठ पसरलेले होते. सेनापतीने फौज थांबवावी तसे. फौज मात्र कुठे नव्हती. त्यांच्या पाठीवर एका हिरव्या स्वेटरचा अर्धवट विणलेला मागचा भाग चार सेफ्टी पिनांनी टाचलेला होता, आणि पाचवी पिन दातांत धरून त्यांच्या पत्नी यशोधराबाई मागे उभ्या होत्या.

"हलू नका," त्या पिनेच्या कडेने म्हणाल्या.

"मी हललो नाही. मी बोललो."

"तुम्ही बोललात की पाठ हलते."

प्रतापराव गप्प बसले. म्हणजे उभेच राहिले, पण गप्प.

"यंदा कोणाचा बळी?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"ठरलं नाही अजून. हात खाली करा."

नगररचना खात्यातून निवृत्त झाल्यापासून प्रतापरावांना घरात एकच पद मिळालं होतं, ते म्हणजे मापाचं. खरं तर हे पद त्यांच्याकडे लग्नापासूनच होतं, निवृत्तीनंतर ते पूर्णवेळ झालं एवढंच. यशोधराबाई जगातल्या सगळ्या पुरुषांना प्रतापरावांवरून मोजत. पुण्याचे जावई विपुल म्हणजे प्रतापराव उणे आठ टाके. मुलगा अभिराम म्हणजे प्रतापराव अधिक चार, लांबी दोन बोटं जास्त. आणि रोज सकाळी फिरायला बरोबर येणारे बालमित्र उदयसिंह म्हणजे प्रतापराव अधिक अठरा, त्यातले बारा पोटाचे. बाहीचं माप डाव्या हातावर घ्यायचं आणि दोन्हीकडे तेवढंच विणायचं, ही पद्धत. त्रेचाळीस वर्षांत इतक्या लोकांचे स्वेटर प्रतापरावांच्या पाठीवर होऊन गेले होते, की रेल्वेच्या विश्रामगृहातही तेवढी ये-जा नसेल. मुक्कामाला मात्र एकही राहिला नव्हता. स्वतः प्रतापरावांकडे हातचा स्वेटर नव्हता.

त्यांना नकोच होता, असं ते सांगत. आणि हे सांगायला त्यांच्याकडे मुद्दे भरपूर होते.

पहिला मुद्दा, इंदूरची थंडी. ही थंडी म्हणजे सरकारी पाहुणी. येणार येणार म्हणून महिनाभर गाजावाजा, आल्यावर पंधरा दिवस मुक्काम, त्यातही सकाळी दहा वाजता ती जेवायला निघून जाते ती संध्याकाळीच परत. असल्या थंडीसाठी बायकांनी जुलैपासून लोकर पिंजत बसायचं? दुसरा मुद्दा, स्वेटर घेणारे. भेट मिळाल्यावर "अय्या, हाताने विणलाय?" असं किंचाळायचं, गालाला लावून बघायचं, आणि मग लोखंडी कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या ताब्यात द्यायचं. यशोधराबाई घरी येणार म्हटलं की तो बाहेर काढायचा. विपुलराव व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना दिसावं म्हणून स्वेटर घालून बसत. एकदा ते पाणी प्यायला उठले, तेव्हा खाली बर्मुडा दिसली आणि पुण्याला त्या दिवशी चौतीस डिग्री होती.

तिसरा मुद्दा, विणणाऱ्या. हा मुद्दा यंदा फार वाढला होता, कारण सूनबाई मिताली त्यात शिरली होती. मितालीच्या ऑफिसातल्या मुली ताण घालवायला विणायला शिकत होत्या. तिने सासूबाईंच्या मंडळाचे, म्हणजे गच्चीवर उन्हात बसून गप्पा मारता मारता विणणाऱ्या सहा-सात बायकांचे, व्हिडिओ काढायला सुरुवात केली होती.

"पप्पा, आजकल हँडमेडचं खूप चलन आहे," ती म्हणाली होती. "स्लो लाइफ म्हणतात त्याला."

"आमच्या खात्यात होतं ते," प्रतापराव म्हणाले होते. "आम्ही त्याला फाइल म्हणायचो."

असे हे मुद्दे. पण खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती हिरवी होती.

लग्नानंतरची पहिली थंडी. तेव्हा इंगळे जुनी इंदूर या भागात राहत. नव्या नवरीने दोन महिने कोणाला न दाखवता एक स्वेटर विणला, बाटलीसारखा हिरवा, आणि एका रविवारी जेवणं झाल्यावर नवऱ्याच्या हातात दिला. समोर सात-आठ मित्र पान लावत बसले होते. प्रतापरावांनी तो खांद्यांना धरून उंच केला, तर उजवी बाही डावीपेक्षा आखूड.

"हे काय आहे?" ते म्हणाले. "घोड्यासाठी विणलाय का? घोड्याचेसुद्धा पुढचे दोन पाय सारखे असतात!"

मित्र हसले. उदयसिंह तर पान गिळून हसले. यशोधराबाईही हसल्या, आणि त्यामुळे सगळं ठीक आहे अशी प्रतापरावांची समजूत झाली. तिसऱ्या दिवशी स्वेटर दिसेना. कोनाड्यात एक हिरवा गुंडा दिसला.

"उसवला," यशोधराबाई म्हणाल्या. "आता तुम्ही मागितल्याशिवाय तुमच्यासाठी विणायची नाही."

"मागायला मला काय वेड लागलंय?" असं प्रतापराव म्हणाले. तरुण माणूस होता, बोलून गेला.

त्या हिरव्या लोकरीचं पुढे उदयसिंहांच्या नव्या बाळाचं टोपरं झालं. बाळ मोठं झाल्यावर टोपरं परत आलं, उसवलं, त्याचे पायमोजे झाले. मोज्यांचं शेवटी चहाच्या किटलीचं टोपण झालं. गेली बावीस वर्षं रोज सकाळी प्रतापरावांसमोर त्यांचा स्वेटर घालून किटली बसायची. गरम, तृप्त, आणि त्यांना वाटायचं, थोडी माजलेली.

हेही चाललं असतं. पण लग्नानंतर चार वर्षांनी प्रतापराव राजवाड्याजवळच्या एका शिंप्याकडे सफारी शिवायला गेले. शिंप्याने टेप लावला, पुन्हा लावला, आणि चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "साहब, सीधा हाथ डेढ़ इंच कम है. बचपन में टूटा था क्या?"

तुटला होता. नवव्या वर्षी प्रतापराव टांग्यावर उभे राहून रिसालदार-रिसालदार खेळताना पडले होते. टांगा उभाच होता. घोडाही जुंपलेला नव्हता. हाड जुळलं आणि सगळे विसरले. हात मात्र दीड इंच मागे राहिला, तो पुढे आलाच नाही.

आता ही साधी गोष्ट. पण इंगळ्यांच्या दिवाणखान्यात खापरपणजोबांचा फोटो आहे. होळकरांच्या फौजेतले रिसालदार, उजव्या हातात उगारलेली तलवार. तलवार स्टुडिओवाल्याची होती, पण हात घरचा होता. त्या हाताच्या जोरावर इंगळ्यांच्या चार पिढ्या लग्नकार्यात पुढच्या रांगेत बसल्या. अशा घरात उजवा हात कमी असल्याची बातमी फुटणं प्रतापरावांना परवडणारं नव्हतं. "नाप लिख लो, बोलो मत," असं त्यांनी शिंप्याला बजावलं. शिंपी शब्दाचा पक्का निघाला. तो वारल्यावर ते गुपित एकट्या प्रतापरावांकडे राहिलं.

एकट्या म्हणजे, आणखी एका व्यक्तीकडे. कारण शिंप्याच्या आरशासमोर उभं असतानाच त्यांच्या लक्षात आलं होतं, की तो हिरवा स्वेटर चुकला नव्हता. नव्या नवरीने नवऱ्याकडे नीट बघितलं होतं, एवढाच तिचा गुन्हा.

माफी मागायची असं त्यांनी त्याच दिवशी ठरवलं. पण त्या आठवड्यात ऑडिट होतं. मग अभिराम झाला. मग बदली. मग बहिणीचं लग्न, मग राजेंद्र नगरातलं घर, मग गुडघा. अशी एकोणचाळीस वर्षं धावपळीतच गेली.

आणि आता या डिसेंबरात, पाठीचं माप झाल्यावर आठवड्याने, यशोधराबाई गच्चीवर टेप घेऊन आल्या. प्रतापरावांनी सवयीने डावा हात पुढे केला. त्यांनी तो मोजला. मग म्हणाल्या, "उजवा."

"काय?"

"उजवा पुढे करा."

त्रेचाळीस वर्षांत जगातल्या कुठल्याही पुरुषाच्या स्वेटरसाठी प्रतापरावांचा उजवा हात लागला नव्हता. त्यांनी तो पुढे केला. यशोधराबाईंनी मोजला, कागदावर आकडा लिहिला आणि खाली गेल्या. कठड्यावर लोकर राहिली होती. बाटलीसारखी हिरवी.

प्रतापराव त्या दिवशी दोनदा जेवायला विसरले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वेटरांना नावं ठेवण्याचं प्रमाण दुप्पट केलं. मनात आशा असली की माणसाने तोंडाने काळजी घ्यावी, असं त्यांचं धोरण.

"भिया, खरं सांगू?" सकाळी पोह्यांच्या गाडीवर उदयसिंह म्हणाले. त्यांच्या अंगात यशोधराबाईंनी त्यांच्या साठीला विणलेला मरून स्वेटर होता, आणि त्याच्या पोटावर शेव सांडली होती. "वहिनींचा स्वेटर म्हणजे हीटर आहे. इसको पहन के तो मी जनवरीत अंघोळ पण करीन."

"त्यात तू गादीसारखा दिसतोस."

"जळतोस तू. तुझं ते जाकीट बघ. चालताना पोह्याचा कागद चुरगळल्यासारखा आवाज येतो. मागून कुत्री येतात आपल्या."

"हे कंपनीचं आहे. याच्या दोन्ही बाह्या सारख्या आहेत."

बोलून झाल्यावर प्रतापरावांना ते वाक्य आवडलं नाही. त्यांनी पोह्यांवर आणखी जिरावण मसाला मागितला आणि ठसका लागल्याचं निमित्त केलं.

घरी ते लपून पाहणी करू लागले. यशोधराबाई देवाला बसल्या की टोपलीत डोकावायचं. पाठ झाली. पुढचा भाग झाला. डावी बाही झाली. उजवी बाही सुरू झाली तेव्हा त्यांनी चष्मा पुसून घेतला. ती थांबली तेव्हा त्यांनी दोन्ही बाह्या एकमेकींना लावून पाहिल्या. दीड इंच, चोख. प्रतापरावांनी बाह्या जागेवर ठेवल्या आणि दिवसभर कोणालाच टोमणा मारला नाही. मितालीने अभिरामला विचारलं, "पप्पांचं बीपी चेक केलं का?"

आता प्रश्न एवढाच होता की हा स्वेटर देणार कधी. संक्रांतीला? वाढदिवसाला? की त्या ऐतिहासिक वाक्याप्रमाणे मागितल्याशिवाय नाहीच? प्रतापराव मागण्याचा सराव करून पाहत. बाथरूममध्ये, नळ सोडून. "अगं, तो हिरवा..." इथपर्यंत यायचं. पुढे बादली भरायची.

तोवर मितालीने अन्नपूर्णा रोडवरच्या एका हॉलमध्ये मंडळाचं प्रदर्शन ठरवलं. आदल्या दिवशी रविवारी दुपारी गच्चीवर सतरंजी पसरली. सहा बायका जमल्या. विणलेल्या मालाला गुलाबी चिठ्ठ्या बांधायच्या होत्या, त्यांवर छापलं होतं, 'प्यार से बुना'. सर्वांत वयस्क सखुबाई चिठ्ठ्या ओवत होत्या. उदयसिंह चहाच्या वासाने आले होते आणि सामान मोजण्याच्या बहाण्याने थांबले होते. प्रतापराव कोपऱ्यात आरामखुर्चीवर पेपर उघडून बसले होते.

मालाची परिस्थिती त्यांच्या मते गंभीर होती. मोबाइलला घालायचे झगे होते. कुंडीला घालायचे मोजे होते. एक मफलर इतका लांब होता की तो विणणारीला थांबायचं कसं ते शिकवलं नसावं.

"हे काय आहे?" त्यांनी पेपराच्या वरून विचारलं.

"घुबड आहे, पप्पा."

"त्याला कोणी सांगितलं आहे का?"

मितालीने हसून सासूबाईंची टोपलीच सतरंजीवर पालथी केली. त्यातून हिरवा स्वेटर बाहेर आला, पूर्ण शिवून तयार. तिने चिठ्ठी बांधायला तो झटकून उंच धरला. खांद्यांना धरून.

"अरे आई, हे काय झालं? एक बाही छोटी आहे!"

सहा बायकांचे हात थांबले. सखुबाईंनी चष्मा लावला.

"खरंच की गं," त्या म्हणाल्या. "यशोधरा, तुझ्या हातून? त्या बन्सलांच्या सुनेकडून झालं असतं तर समजलं असतं."

"अहो, मी बसलीये इथे," बन्सलांची सून म्हणाली.

"वहिनी, अब आप भी रिटायर हो जाओ!" उदयसिंह मोठ्याने हसले. "आणि हा तर पुराना किस्सा आहे! लग्नानंतर पण एक असाच विणला होता ना? घोड्याचा! प्रतापराव, याद आहे का घोडा?"

प्रतापरावांना घोडा याद होता.

यशोधराबाई एका शब्दात सगळ्यांची तोंडं बंद करू शकत होत्या. त्यांनी एकदा फक्त कोपऱ्यातल्या पेपराकडे बघितलं. मग स्वेटर मितालीच्या हातातून घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "चुकलं असेल. वय झालं. उसवते."

आणि त्यांनी सुईच्या टोकाने शिवणीतली लोकरीची गाठ शोधायला सुरुवात केली.

पेपराच्या मागे प्रतापरावांच्या लक्षात आलं, की ही बाई दुसऱ्यांदा बरोबर असून दुसऱ्यांदा चूक पदरात घेते आहे, आणि दोन्ही वेळा आपणच समोर बसलो आहोत. दोन मिनिटांत त्या स्वेटरचा गुंडा होणार. मग टोपरं, मग मोजे. घरात आणखी एक किटली आहे.

गाठ सापडली. यशोधराबाईंनी कात्री उचलली.

"थांब!"

प्रतापराव उभे राहिले. पेपर पायाशी पडला. आपण उभे राहिलो आहोत हे त्यांना बाकीच्यांच्याही नंतर कळलं, आणि आता काहीतरी भव्य बोलणं भाग होतं.

"होळकरांच्या फौजेत," त्यांनी सुरुवात केली, "आमचे खापरपणजोबा..."

"पप्पा, तलवारीचं नंतर सांगा ना," मिताली म्हणाली. "प्रदर्शन उद्या आहे."

प्रतापरावांनी रिसालदारांना तिथेच सोडलं. त्यांनी दोन्ही हात समोर धरले, तळवे एकमेकांना लावले आणि कोपरं ताठ केली. डाव्या हाताची बोटं उजव्या हाताच्या बोटांच्या पुढे निघाली. दीड इंच. उन्हात अगदी स्वच्छ दिसत होतं.

खाली रस्त्यावरून कचऱ्याची गाडी गाणं लावून गेली.

"अरे!" उदयसिंह म्हणाले. "भिया, पन्नास वर्षं तू माझ्याशी हात मिळवतोस. कभी बोला नहीं?"

"तू कधी हात मोकळा ठेवलास? त्यात कायम कचोरी असते." मग प्रतापराव यशोधराबाईंकडे वळले. त्यांचा आवाज पोह्यांच्या गाडीवरच्यापेक्षा बराच लहान झाला. "ती बाही चुकलेली नाही. तेव्हाचीही चुकलेली नव्हती. मला शिंप्याने सांगितलं होतं, शहाऐंशी साली. आणि तो... तो मला हवाय. मागतोय मी."

"शहाऐंशी?" यशोधराबाई म्हणाल्या. कात्री अजून हातातच होती.

"मध्ये ऑडिट होतं."

"एकोणचाळीस वर्षं?"

"मोठं होतं."

सखुबाईंनी पदर तोंडाला लावला. रडू आलं म्हणून की हसू आलं म्हणून, ते त्यांनी शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

"मग मागितला नसताना विणायला का घेतलास?" प्रतापरावांनी धीर करून विचारलं.

"तयार ठेवलेला बरा," यशोधराबाई कात्री खाली ठेवत म्हणाल्या. "तुमच्या वेगाने तुम्ही मागणार, आणि मी विणून होईपर्यंत थंडी संपलेली. उभे राहा नीट. शिवल्यावर एकदा बघू दे. हात पसरा."

प्रतापरावांनी हात पसरले. स्वेटर डोक्यातून आत गेला, कानांपाशी अडला, मग उतरला. दोन्ही बाह्या दोन्ही मनगटांवर बरोबर येऊन थांबल्या. आयुष्यात पहिल्यांदा एखादं कापड त्यांच्या उजव्या हातावर चारचौघांत खोटं बोललं नव्हतं. पण हे वाक्य त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मानेला लोकर टोचत होती, आणि तेही त्यांनी सांगितलं नाही.

"काखेत थोडा सैल आहे," सखुबाई म्हणाल्या.

"दोन टाके काढायला हवेत," बन्सलांची सून म्हणाली आणि उजवीकडे पिन लावली.

"काही काढू नकोस, आत गरम बनियन असतं त्यांचं," यशोधराबाईंनी पिन काढली. सखुबाईंनी तिथे तीन लावल्या.

"पप्पा, हिलू नका! काय मस्त स्टोरी आहे ही!" मिताली मोबाइल घेऊन भोवती फिरू लागली. "लोग रो पडेंगे. उदय काका, फ्रेममधून बाजूला व्हा ना."

"मैं क्यूँ? घोड्याची आयडिया ऐकून पहिला मी हसलो होतो!"

मग गळ्याचा विषय निघाला. गळा गोल बरा की व्ही बरा यावर दोन तट पडले. त्यातून चौऱ्याऐंशी सालच्या कुठल्याशा लग्नातल्या एका कार्डिगनची आठवण निघाली, त्यातून ते लग्न मोडल्याची, आणि सहाही बायका सतरंजीवर परत बसून त्या मोडलेल्या लग्नात रमल्या. यशोधराबाईही. उदयसिंहांनी किटलीचं हिरवं टोपण काढून स्वतःला चहा ओतला.

उन्हात, भर गच्चीवर, काखेत तीन पिना घेऊन, रिसालदारांचे खापरपणतू हात पसरून उभे होते. दहा मिनिटं झाली.

"अगं," प्रतापराव हळूच म्हणाले, "हात खाली करू का?"